ओरडायचं राहिलं

"फोन टाका, वहिनी," म्हणत कॅशिअरने पिशवीचं तोंड तिच्यासमोर उघडून धरलं. "नियम म्हणजे नियम. तोही दादांनीच घातलेला."

तिने पिशवीकडे पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निळं जाड कापड, आत ओळीने कप्पे, प्रत्येक कप्प्याच्या कडेला दुहेरी शिलाई. शाळेच्या गणवेशांतून उरलेल्या कापडाची ही पिशवी तिनेच शिवली होती. शाळा उघडायच्या तोंडावर, मान वर करायला फुरसत नसताना, नवरा सकाळ-संध्याकाळ मशीनपाशी घुटमळत राहिला म्हणून शिवली होती. 'घ्या एकदाची आणि माझं डोकं खाणं थांबवा,' असं म्हणून त्याच्या अंगावर फेकली होती. त्याने ती हवेत झेलली आणि लहान पोरासारखा खूश झाला.

"टाकताय ना?"

"टाकते की. तुमचा नियम मोडायची माझी काय बिशाद!" ती म्हणाली आणि तिने फोन असा टाकला, की आतल्या कुणाच्या तरी फोनवर तो खाडकन आपटला.

कॅशिअर नुसता हसला. बँकेत जन्मभर काचेपलीकडे बसलेला माणूस. चिडलेल्या गिऱ्हाइकासमोर कसं हसावं हे त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्याने पिशवी चहाच्या टपरीतल्या खिळ्याला अडकवली. ही टपरी शहरातल्या बसच्या शेवटच्या थांब्यावर होती, आणि थांब्यामागूनच डोंगराची वाट सुरू होत होती. इकडे डिझेलचा धूर, आणि रस्ता ओलांडला की एकदम झाडी. मधे एक मोडका कठडा, बाकी काही नाही.

म्हणजे हा डोंगर. हीच ती. तिची सवत.

हे नाव शेजारणींनी पाडलं होतं. "काय, गेले का सवतीकडे?" असं रविवारी सकाळी त्या गॅलरीतून विचारायच्या आणि ती मशीनचं चाक फिरवत म्हणायची, "गेले. ती तरी सांभाळू दे जरा." नवरा टेलिफोन खात्यात लाइनमन होता. खांबावर चढून तारा जोडण्यात त्याचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर हा डोंगर त्याच्या डोक्यात शिरला. चार टाळकी जमवली, दर रविवारी वर जायचं ठरवलं, आणि फोन खाली ठेवायचा नियम काढला. "जन्मभर लोकांच्या घरात घंटी वाजवली," तो म्हणायचा. "आता आठवड्यातली एक सकाळ मला घंटी नको."

आणि अशाच एका सकाळी, वर्षापूर्वी, तो वरच गेला. खाली आणला तो चौघांनी उचलून.

त्या सकाळी तिने त्याला फोन केला होता. मशीनच्या तेलाची बुधली सापडत नव्हती. दर वेळी कुठेतरी नेऊन ठेवायचा आणि विसरायचा. तिने पुन्हा पुन्हा लावला, आणि दर वेळी नुसत्या वाजणाऱ्या घंटीला ती शिव्या घालत राहिली. नंतर टपरीवाल्याने सांगितलं, "पिशवीत वाजत होता ताई. पण दुसऱ्याच्या फोनला हात कसा लावणार?" ती बुधलीवरून भांडत होती तेव्हा नवरा वर दगडावर आडवा पडला होता, ही गोष्ट वर्षभर तिच्या घशात अडकून होती. धड गिळता येत नव्हती, धड थुंकता येत नव्हती.

लोक भेटायला आले ते एकच पाठ केलेलं वाक्य म्हणून गेले. अचानक झालं, काही कळायच्या आत झालं, भाग्यवान माणूस. तिला ते पटलं नव्हतं. वर कुणाच्या खिशात एक फोन असता तर गाडी आली असती. नियमाने माणूस खाल्ला होता, आणि हे त्या टोळीतल्या एकाने तरी आपल्या तोंडाने म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणून तर वर्षाच्या दिवशी 'दादांच्या आठवणीत छोटासा कार्यक्रम' असं बोलावणं आलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली. लेकीला मात्र धास्ती वाटली.

"आई, जा, पण तोंड सांभाळ," लेक म्हणाली होती.

"का? माझं तोंड काय रस्त्यावर पडलंय?"

"निदान वर पोचेपर्यंत तरी. शब्द दे."

तिने दिला होता. वर पोचेपर्यंत.

वाट सुरुवातीला सोपी होती. पुढे कॅशिअर, त्याच्यामागे ड्रॉइंगचे मास्तर, मग ती, मागे बेकरीवाला आणि आणखी दोघे-तिघे, ज्यांची ओळख करून घ्यायची तिला इच्छाच नव्हती. मास्तर दर वळणावर थांबून दाखवत होते, इथे दादांनी पायऱ्या खणल्या, इथली झुडपं दादांनी कुदळीने काढली, इथलं पाणी दादांनी चर काढून वळवलं. ती ऐकत होती आणि आतून धुमसत होती. घरात मोरीचा नळ वर्षानुवर्षं ठिबकत होता. त्याखाली ती बादली ठेवायची. 'बघतो, बघतो,' म्हणत माणूस गेला, आणि इथे परक्या डोंगरावर पाण्याला वळण लावून गेला.

"फार हात चालायचा दादांचा," मास्तर कौतुकाने म्हणाले.

"हो का? आमच्याकडे यायचा तेव्हा बहुतेक दमलेला असायचा."

मास्तरांना हे हसण्यावारी न्यावं की नाही ते कळेना. मागून बेकरीवाला मात्र खुदकन हसला आणि लगेच खोकल्यासारखं करून गप्प झाला. जाडजूड माणूस, सगळ्यांत तरुण म्हणजे पन्नाशीचा. निघाल्यापासून त्याने तिच्याकडे एकदाही सरळ पाहिलं नव्हतं.

वर वर गेल्यावर शहराचा आवाज हळूहळू विरला. झाडं दाट झाली, पायाखाली वाळलेली पानं आली, आणि वाऱ्याला ओल्या मातीचा वास आला. एका जागी झाडी उघडली तर खाली अख्खं शहर दिसलं. गच्च्या, पाण्याच्या टाक्या, गिरण्यांची धुराडी, आणि त्यात कुठेतरी तिचं घर. इतक्या वरून ते सगळं गप्प आणि शहाण्यासारखं दिसत होतं. गार वारा तिच्या घामेजल्या मानेवर आला आणि नकळत तिच्या तोंडून "हं" निघालं.

डोंगर चांगला होता. याचा तिला जास्तच राग आला. भिकार असता तर बरं झालं असतं. नवऱ्याला खुळा म्हणून मोकळी झाली असती. आणि मेल्याने एकदाही 'चल, तूही ये' असं म्हटलं नव्हतं. तिने 'नाही' म्हटलं असतं, ती गोष्ट वेगळी. विचारायला काय जात होतं?

कॅशिअर पुढे थांबला होता. एक हात झाडाला टेकवून, दुसरा कमरेवर. तिने पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा पांढुरका वाटला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"कुठे काय? निसर्ग बघतोय."

"निसर्गाकडे पाठ करून?"

"वहिनी," तो बोट हलवत म्हणाला, "दादांचा दुसरा नियम तुम्हाला ठाऊक नाही. डोंगरावर दुखणं काढायचं नाही. गुडघा, पाठ, साखर, सगळं त्या पिशवीतच ठेवून यायचं. जो दुखण्याचं नाव काढील त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना चहा पाजायचा."

सगळे हसले. आणि त्या हसण्यात बेकरीवाला नव्हता, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. मापं घेण्यात जन्म गेलेल्या बाईला कोण कुठे अवघडलंय ते कापडावरून हात फिरवल्यासारखं कळतं.

जागा आली ती एका सपाट दगडाची. दगडाशेजारी दोन लोखंडी पाय रोवलेले, वर फळी, आणि फळीवर जुनी चादर टाकलेली. मास्तरांनी घसा खाकरला. कॅशिअरने भाषण केलं. दादा म्हणजे वटवृक्ष, दादा म्हणजे दीपस्तंभ, आणि मधेच दादा म्हणजे आमची बॅटरी. मग सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिने चादर ओढली.

फळी हिरवी होती, अक्षरं पांढरी, मास्तरांच्या वळणदार हाताची.

'दादांचा विसावा. याच जागी दादा शांतपणे निसर्गात विलीन झाले. इथून वर फोन नाही, दुखणं नाही. फक्त झाडं.'

टाळ्या वाजल्या. अशा मोकळ्या जागेत टाळ्या फार केविलवाण्या वाजतात.

"शांतपणे?" ती म्हणाली.

मास्तर खाली पडलेली चादर उचलून झटकायला लागले.

"मी विचारतेय, शांतपणे म्हणजे कसं? जवळ कोण होतं?"

"आम्ही सगळेच होतो, वहिनी," कॅशिअर म्हणाला. "पण आता आजच्या दिवशी ते कशाला..."

"मग कधी? पुढच्या वर्षी? दुसरी फळी लावाल तेव्हा?" वर पोचेपर्यंतचाच शब्द होता आणि ती वर पोचली होती. "माझा माणूस इथे तडफडला आणि तुमच्यातल्या एकाकडे फोन नव्हता. का? तर म्हणे नियम! त्या नियमाची तुम्ही आता पाटी लावताय, आणि चादर ओढायला मला बोलावताय? लाज नाही वाटत? वर्षभर मला गोडगोड बोलून वाटेला लावलंत. अचानक झालं म्हणे! किती अचानक? खाली धावत कोण गेलं, केव्हा गेलं, ते येईपर्यंत हे काय करत होते, काही म्हणाले का, एकाने तरी सांगितलं मला? पुसा ते अक्षर आधी!"

"ऑइलपेंट आहे," मास्तर पडेल आवाजात म्हणाले. "पुसलं नाही जात."

"मग जाळा फळी!"

झाडांतून दोन पाखरं उडाली. तेवढ्यात बेकरीवाला मागून पुढे आला. त्याने खिशात हात घातला, फोन काढला आणि दोन्ही हातांत धरून तिच्यासमोर उभा राहिला.

"हा होता, वहिनी," तो म्हणाला. "त्या दिवशीही होता."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. कॅशिअर म्हणाला, "अरे, पण तू पिशवीत टाकतोस ना दर वेळी?"

"तो जुना, बंद पडलेला टाकतो. हा खिशात असतो. बेकरीत भट्टी चालू असते, पोरांच्या भरवशावर कशी सोडणार? दादांना माहीत होतं. ते म्हणायचे, तू लबाड आहेस, पण पाव चांगले करतोस." त्याचा आवाज फाटला. "इथेच बसले होते ते. घाम सुटला, म्हणाले, डावा हात जड वाटतोय. मी त्यांच्या कानाशी लागलो, म्हटलं दादा, फोन आहे माझ्याकडे, गाडी बोलावतो, वहिनींना कळवतो. तर माझं मनगट धरलं त्यांनी. घट्ट. म्हणाले, ठेव तो. होईल बरं, मागच्या महिन्यात पण झालं होतं."

"मागच्या महिन्यात?" ती म्हणाली.

"दोनदा झालं होतं. आम्ही... म्हणजे दुखणं काढायचं नाही ना. बसायचे जरा, मग चालायला लागायचे."

"आणि मला कळवायचं नव्हतं."

बेकरीवाल्याने मान खाली घातली.

"काय म्हणाले ते? जसं म्हणाले तसं सांग. एक अक्षर गाळू नकोस."

"म्हणाले, तिला नको सांगूस. ती ओरडेल, आणि माझा रविवार बंद करील." त्याने बाहीने डोळे पुसले. "मी फोन ठेवला, वहिनी. थोरल्या माणसाचं ऐकलं. पुढे त्यांची बोलतीच बंद झाली तेव्हा खाली पळत सुटलो, झाडीत शिरल्यावर लावला कसाबसा, मग गाडीला वाट दाखवायला थांब्यावर उभा राहिलो. पण तोवर..."

पुढचं त्याला बोलवेना आणि तिलाही ऐकायचं नव्हतं. ती दगडावर बसली. ज्या दगडावर बसायचं नाही असं तिने घरून ठरवून ठेवलं होतं, त्याच दगडावर.

वर्षभर तिने त्या नियमाचा गळा धरला होता, आणि आता हातात हे आलं. खिशात फोन होता. बोलायला शुद्ध होती. आणि हा माणूस काय म्हणाला? ती ओरडेल. बरोबरच होतं त्याचं. एकदा इथूनच पाय मुरगळून आला तेव्हा तिने त्याचे बूट धान्याच्या पिंपामागे लपवून ठेवले होते, आणि महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं. म्हणून छातीत कळ आली ती गिळून टाकली. मरणाला भ्याला नाही. बायकोच्या तोंडाला भ्याला. मूर्ख. बिनडोक. खांबावर चढताना कधी पाय लटपटला नाही आणि घरात खरं बोलताना बोबडी वळली.

"ओरडले असते," ती म्हणाली. कुणाकडे बघून नाही. "ओरडलेच असते. का नाही ओरडणार? ओरडत ओरडत गाडी घेऊन आले असते. ओरडत ओरडत दवाखान्यात घातलं असतं. आणि बरे होऊन घरी आल्यावर तर असं ओरडले असते, की सगळ्या आळीला ऐकू गेलं असतं. जन्मभर फुकट ओरडले मी, नळावरून, बुधलीवरून. एकदा कामाचं ओरडायचं होतं, तेच राहिलं."

मास्तरांनी फळीवर चादर परत टाकली. घाईत ती उलटी पडली, आणि ती सरळ करायला कुणी पुढे आलं नाही.

ती रडेल म्हणून सगळे पायांकडे बघत उभे होते. पण तिचा राग अजून संपला नव्हता. त्याला आता नुसती जागा सापडली होती. तिने मान वर केली आणि एकेकाकडे पाहिलं. टक्कल, पिकल्या मिशा, घट्ट झालेले पट्टे, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच. घरून काहीतरी लपवून आलेल्या माणसांचं.

"साखर कुणाला आहे?" तिने विचारलं.

"वहिनी, आता..."

"कुणाला आहे?"

मास्तरांनी हात अर्धा वर केला. मग मागचा एकजण म्हणाला, त्याला रक्तदाब आहे. दुसऱ्याने गुडघ्याचं सांगितलं. तिने त्याला हातानेच बाजूला केलं, गुडघ्याने कुणी मरत नाही.

"छाती कुणाची दुखते?"

मग बेकरीवाल्याने कॅशिअरकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. कॅशिअर हसला, काचेपलीकडचं तेच हसू, पण ते त्याच्या ओठांवर टिकेना. त्याने टोपी काढली. टोपीच्या आतल्या पट्टीत चमकत्या कागदातल्या गोळ्या खोचलेल्या होत्या.

"जिभेखाली ठेवायच्या आहेत," तो म्हणाला. "तशी गरज नाही पडत."

"मघाशी झाडाला धरून उभे होतात तेव्हा ठेवली होती?"

त्याने गोळ्या पट्टीत आणखी आत सारल्या.

"घरी माहीत आहे?"

"तिला उगाच काळजी. स्वभाव थोडा... म्हणजे बोलते फार."

"लावा फोन."

"इथून? आता? वहिनी, संध्याकाळी सांगतो मी. शपथ."

"आमचे हे पण संध्याकाळी घरीच असणार होते," ती म्हणाली. तिने बेकरीवाल्याच्या हातातला फोन घेतला आणि कॅशिअरपुढे धरला. "नंबर पाठ असेलच. बँकेत होतात."

कॅशिअरने टोपी काखेत धरली आणि नंबर दाबला. बोट दोनदा चुकलं. पलीकडे घंटी वाजायला लागली. सगळे इतके जवळ आणि इतके गप्प उभे होते, की ती सगळ्यांना ऐकू येत होती.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "नाही, ठीक आहे सगळं. दुसऱ्याच्या फोनवरून. अगं, ऐक तर. ते, मला गोळ्या दिल्यात डॉक्टरांनी. छातीच्या. नाही, आज नाही. तीन-चार महिने झाले."

पलीकडून आवाज आला. शब्द सगळे कळत नव्हते, पण सूर कळत होता. चढत गेलेला, मधेच फाटलेला, रडं आणि शिव्या एकाच दमात. महिने? मी काय मेले होते? एकटे मरायला जाता का तिकडे? कॅशिअरने फोन कानापासून लांब धरला. त्याचे कान लाल झाले होते. रविवारची ती सगळी थोर टोळी मान खाली घालून उभी होती, जणू प्रत्येकाच्याच घरून फोन आला होता.

"बरं, बरं, ठेवतो मी, घरी आल्यावर बोलू," कॅशिअर पुटपुटला आणि त्याचा अंगठा बटणाकडे गेला.

"ठेवू नका," ती म्हणाली. "होऊ दे तिचं."

त्याने अंगठा मागे घेतला. आणि ती दगडावर, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून, त्या कधी न पाहिलेल्या बाईचं ओरडणं शेवटपर्यंत ऐकत बसली.